गिटारवर जी मेजर स्केल चढताना नीट वाजतं, उतरताना अडखळतं (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खर्जाची तार
प्रत्येक तारेवर तीन स्वर असा जी मेजरचा (जी स्वराला सा धरून सुरू होणारं स्केल, म्हणजे स्वरमाला) पॅटर्न घेतोय. सहावी (सगळ्यात जाड)-पाचवी तार ३-५-७ फ्रेट (दांडीवरचे पट्ट्यांनी पाडलेले घर), चौथी-तिसरी ४-५-७, दुसरी-पहिली ५-७-८. ठोक्याला चार स्वर, पिक (तार छेडायची चकती) एकाआड एक डाउन-अप, म्हणजे खाली-वर. चढताना १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) स्वच्छ. उतरताना ८०च्या पुढे गेलं की तिसरीवरून चौथीवर जाताना स्वर गळतो. शिवाय सोलो (एकट्याने वाजवायची सुरावट) वाजवायला घेतला की तोही जिना चढल्या-उतरल्यासारखाच वाजतो. काय बदलू?

करंगळी
अख्खं स्केल घोकणं आधी थांबवा. तिसऱ्या तारेवर ७-५-४, मग चौथीवर ७-५-४, एवढेच सहा स्वर गोल फिरवा. ठोक्याला तीन घ्या, म्हणजे दर ठोक्याला तार बदलते. तुमचे ८०ला मिनिटाला ३२० स्वर होतात, तोच वेग ठोक्याला तीन घेतल्यावर १०७च्या आसपास येतो. म्हणून ७०पासून सुरुवात करा, सलग चार वेळा चूक न होता आलं तरच ४ने वाढवा.

उतरताना तर्जनी (४) आणि मधलं बोट (५) आधीच दाबलेलं हवं, मग करंगळी सातव्यावरून उचलायची. ती उचलली की पुढचे दोन स्वर मोकळीच असते. तेवढ्यात तिने चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर येऊन थांबायला हवं. बहुतेकांची करंगळी हवेत दोन बोटं वर जाते, तिथेच उशीर होतो.

उलटा पिक
वरचं बरोबर, पण दोष डाव्या हाताचाच आहे हे आधी ठरवा. तेच सहा स्वर एकदा डाउनने सुरू करा, एकदा अपने. दोन्हीकडे अडलं तर डावा हात. एकाच बाजूने अडलं तर उजवा.

खर्जाची तार
अपने सुरू केलं तर जातंय. डाउनने अडतं.

उलटा पिक
मग उजवा हात. डाउनने सुरू केलं की तिसरीवरचा शेवटचा फटकाही डाउन पडतो, पिक दुसरीच्या बाजूला जातं. चौथीला अप मारायचा तर तिसरीवरून मागे येऊन दोन तारांच्या फटीत शिरावं लागतं. टोक खोल गेलेलं असेल तर तिसरीतच अडकतं. टोक बोटांबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा. डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून फक्त पिकिंग रोज पाच मिनिटं करा. लवचिक पातळ पिक असेल तर १ मिमीचं घ्या, पातळ पिक वाकून परत येईपर्यंत वेळ जातो.

तानपुरा अॅप
सोलोबद्दल. हार्मोनियम शिकणारी मुलं पलटे घेतात ना, सारेग, रेगम, गमप? तेच इथे: जी-ए-बी, ए-बी-सी, बी-सी-डी. मग एक स्वर सोडून: जी-बी, ए-सी. तानपुरा अॅपवर षड्ज जीला लावा आणि आधी गाऊन मगच वाजवा. त्यानंतर जी, सी, डी कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) साथीचा ट्रॅक लावून प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या ठोक्यावर अनुक्रमे बी, ई, एफ शार्पवरच उतरा. मधे काहीही वाजवा. सुरुवातीला ६०लाही जमत नाही, कारण कुठे पोहोचायचं ते दोन ठोके आधी ठरवावं लागतं.

करंगळी
अकूस्टिक असेल तर एवढंही बघा: पावसाळ्यात दमटपणाने पुढची फळी फुगते, तारा उंच होतात. बाराव्या फ्रेटवर सहावी तार फ्रेटपासून ३ मिमीच्या वर असेल तर आधी सेटअप, म्हणजे तारांची उंची जुळवून घ्या.