१९६० आधीचा वऱ्हाडातला आमदार : स्मरणिकेत नेमकं काय लिहायचं?

दारव्हेकर :
वाचनालयाच्या स्मरणिकेत दारव्हा तालुक्यातल्या एका जुन्या पुढाऱ्यावर पानभर मजकूर आहे. कच्च्या खर्ड्यात वाक्य असं : '१९२३ मध्ये महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले, १९५२ मध्ये पुन्हा आमदार झाले.' पहिला अर्धा भाग चूक आहे एवढं कळतं, पण त्या जागी काय लिहायचं? जुन्या यादीत त्यांच्या नावापुढे 'नियुक्त' असा शेरा आहे. घरचे म्हणतात, रीतसर निवडणूक झाली होती. खरं कोणाचं मानायचं?

गॅझेटवाला :
दोघांचंही. वऱ्हाडाची भानगडच तशी होती राजेहो. १९०२ च्या करारानं इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड सालीना २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि १९०३ मध्ये कारभारासाठी मध्य प्रांताला जोडलं. सार्वभौमत्व मात्र कागदावर निजामाचंच राहिलं, म्हणजे कायद्यानं वऱ्हाड 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हतंच. तिथला माणूस नागपूरच्या कौन्सिलात, म्हणजे मध्य प्रांताच्या कायदेमंडळात, थेट निवडून कसा जाणार? म्हणून तोड काढली : वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, मतं मोजायची आणि जिंकलेल्याची गव्हर्नरानं नेमणूक करायची. शेरा 'नियुक्त', माणूस निवडून आलेला. लोकनायक अणे दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' म्हणून बसले ते याच वाटेनं. सरकारनं आपल्या मर्जीनं नेमलेले सदस्य वेगळे. दोघांची गल्लत झाली की कौन्सिलात शिरून सरकारची अडवणूक करणाऱ्या स्वराज्य पक्षाचा माणूस सरकारधार्जिणा ठरतो.

दुसरा खड्डा 'एम.एल.सी.' या अक्षरांचा. जुन्या लेटरहेडवर ती दिसली की लोक 'विधान परिषदेचे आमदार' लिहून मोकळे होतात. तेव्हा सभागृह एकच होतं, कौन्सिल. 'मध्य प्रांत कायदे कौन्सिल' लिहा. १९३७ पासून 'मध्य प्रांत व वऱ्हाड विधानसभा', जागा ११२.

दारव्हेकर :
हा उलगडा झाला. पण त्या कौन्सिलात बसून सदस्याला करता काय येत होतं? खर्ड्यात 'शेतसारा कमी करवून घेतला' असं आहे.

खातेवाटप :
ते वाक्य पुराव्याशिवाय छापू नका. १९२१ ते १९३७ द्विदल राज्यपद्धती होती. शिक्षण, शेती, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही 'सोपीव' खाती मंत्र्यांकडे, तर जमीन महसूल, पोलीस, अर्थ ही 'राखीव' खाती गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाकडे. शेतसाऱ्यावर सदस्य प्रश्न विचारी, ठराव मांडी. सूट देणं मंत्र्याच्याही हातात नव्हतं.

अडवणूक मात्र जोरात करता यायची. १९२३ च्या निवडणुकीत इथं स्वराज्य पक्षाला बहुमत मिळालं. त्यांनी मंत्रिपदं नाकारली आणि १९२४ मध्ये मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणला! मंत्र्यांनी राजीनामे दिले, सोपीव खातीही गव्हर्नराकडे गेली. पुढे ऑक्टोबर १९२५ मध्ये त्याच पक्षाचे, कौन्सिलचे अध्यक्ष असलेले अमरावतीचे श्री. ब. तांबे कार्यकारी मंडळात गेले आणि पक्ष फुटला. तुमचा माणूस १९२३ चा असेल, तर फुटीनंतर तो मूळ पक्षात राहिला की प्रतियोगी सहकारवाल्यांत, म्हणजे सरकारी पदं घ्यावीत म्हणणाऱ्या गटात गेला, हे शोधाच. पान तिथंच भरेल.

सोपीव खात्यातून काय साधायचं ते पंजाबराव देशमुखांत दिसतं. आधी अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष, १९३० मध्ये प्रांतिक कौन्सिलात, मग १९३३ पर्यंत शिक्षण आणि शेती खात्यांचे मंत्री.

गॅझेटवाला :
१९५२ बद्दल : ती मध्य प्रदेश विधानसभा. राजधानी नागपूर, जागा २३२. काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, तेव्हा एकाच मतदारसंघापुढे दोन आमदार दिसले तर छपाईची चूक समजू नका. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि आठ जिल्ह्यांचे आमदार नवी निवडणूक न होता मुंबईच्या सभागृहात बसले. १९५७ ला निवडून आलेले तसेच १ मे १९६० ला महाराष्ट्राचे झाले.

'जनपद सभेचे अध्यक्ष' असा उल्लेख असेल तर तो तहसिलीपुरता, जिल्ह्याचा नाही. जनपद सभा ही १९४८ च्या कायद्याची स्थानिक स्वराज्य संस्था. जिल्हा परिषदा १९६२ ला आल्या.

जुनी_फाईल :
नागपूरच्या पुराभिलेखागारात शोधताना आजचं स्पेलिंग देऊ नका. 'येवतमाळ', 'अम्राओती', 'एलिचपूर', 'बासिम' अशा इंग्रजी धाटणीनं पाहा. १९०५ आधीच्या कागदात यवतमाळ जिल्हाच नाही, तो 'वून', म्हणजे वणी. नावही आडनाव आधी आणि मग आद्याक्षरं असं असतं. पंजाबराव सापडतील ते 'देशमुख, पी. एस.' खाली. देशमुख तर गावोगाव, म्हणून मतदारसंघ जुळल्याशिवाय नोंद उतरवू नका.

दारव्हेकर :
खर्डा बदलला : '१९२३ मध्ये वऱ्हाडातून निवडून येऊन मध्य प्रांत कायदे कौन्सिलचे सदस्य, १९५२ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेवर, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई विधानसभेत.' शेतसाऱ्याचं वाक्य काढलं.

गॅझेटवाला :
चालेल. 'नियुक्त' शेऱ्याचा खुलासा मात्र तळटीपेत द्याच, नाहीतर यादी पाहणारा पहिला वाचक तुम्हालाच खोटं पाडेल.