धंदा बंद झाल्यावर दारावर येणारी माणसं: ज्यांनी सोसलंय त्यांनी लिहा

प्रेसवाला_लालबाग

धंदा कसा बुडाला हे सांगायला सगळे तयार असतात, पण त्यानंतरची दोन-तीन वर्षं, दाराची कडी वाजली की पोटात गोळा येतो ती, त्याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून मी सुरुवात करतो, तुम्हीही लिहा. कुणाचं नाव, बँकेचं नाव नको, पण काय झालं आणि कशाने सुटलात ते नीट लिहा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझी लालबागला ऑफसेटची छोटी प्रेस होती, भाड्याचा गाळा, एक जुनं सिंगल कलर मशीन, एक कटिंग मशीन आणि मला धरून तीन माणसं. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि मुख्य म्हणजे मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल. २०२० ला लालबागच्या राजाची मूर्तीच बसली नाही, त्याऐवजी आरोग्योत्सव, म्हणजे रक्तदानासारखे कार्यक्रम झाले, बाकीच्या मंडळांनीही हात आखडता घेतला, आणि आमचं तर वर्षाचं पोट त्या दोन महिन्यांवर. पत्रिका लोक व्हॉट्सॲपवर पाठवायला लागले ते कायमचेच. २०२१ च्या दिवाळीनंतर गाळा सोडला, मशीन भंगाराच्या भावात गेलं आणि मागे राहिलं पतपेढीचं चार लाखांचं कर्ज. जामीनदार दोन, एक माझा मेहुणा आणि एक चाळीतलाच मित्र.

माझी चूक सांगतो. रजिस्टर एडीची पाकिटं यायची, मी सही करून घ्यायचो आणि न फोडता देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवायचो. का, तर आत काय असणार ते माहीतच आहे, पैसे तर नाहीत, मग वाचून काय करू असं वाटायचं. पाच पाकिटं जमली होती. त्यातलं तिसरं सहकार खात्याच्या सुनावणीचं होतं, तारीख वेळ सगळं लिहिलेलं. मी गेलोच नाही, त्यामुळे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, म्हणजे पतपेढीला वसुलीची परवानगी देणारा हुकूम, माझं न ऐकताच एकतर्फी निघाला. नंतर एका दुपारी पतपेढीचे वसुली अधिकारी दोन माणसं घेऊन आले. आवाज चढवला नाही, शिवी नाही. खुर्चीवर बसले, बायकोने पाणी दिलं, आणि त्यांनी मांडीवर पॅड ठेवून लिहायला सुरुवात केली. फ्रीज एक, टीव्ही एक, लोखंडी कपाट एक. मुलगी अभ्यासाला बसली होती, ती उठून आपलं दप्तर घेऊन गॅलरीत गेली. दप्तरपण लिहितील असं तिला वाटलं. हे मी आजही विसरलेलो नाही.

त्या रात्री सगळी पाकिटं फोडली. हिशोब बघितला तर मी रोख भरलेले दोन हप्ते जमाच नव्हते, पासबुकात शिक्का होता माझ्याकडे. सुनावणीला गेलो असतो तर तिथेच दाखवता आलं असतं. आता दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली विभागीय सहनिबंधकांकडे रिव्हिजनला, म्हणजे फेरतपासणी मागायला जायचं तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरा. कुठून भरणार? शेवटी पासबुक घेऊन अध्यक्षांसमोर बसलो, दोन हप्ते वळते करून घेतले, दंडव्याज थोडं सोडलं, आणि २० हप्ते पाडून घेतले, लेखी. तोपर्यंत मेहुण्याच्या पगारातून कपात सुरू झाली होती. ते पैसे मी त्याला फेडले पण बहीण दोन वर्षं राखीला आली नाही.

भांडुपची_ताई

दादा, तुमच्या मुलीचं दप्तर वाचून डोळ्यात पाणी आलं.

माझं पोळीभाजी केंद्र होतं स्टेशनजवळ. मुद्रा म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्ज योजना, तिच्यातल्या किशोर गटातलं अडीच लाखाचं कर्ज. आधी ऑफिसं घरून चालू झाली, मग तेल आणि गॅस परवडेना, मग कामाच्या दोघीजणी गावाला गेल्या त्या आल्याच नाहीत. चार हप्ते थकले आणि फोन सुरू. रात्री साडेदहाला फोन, रविवारी फोन, वेगवेगळ्या नंबरवरून. एकदा तर एक मुलगा सरळ समोरच्या काकूंच्या दारात उभा राहून माझं कर्ज किती ते सांगत होता, संध्याकाळी नळाला पाणी यायच्या वेळी, म्हणजे सगळा मजला बाहेर. मी दहा दिवस पाणी भरायला खाली उतरले नाही, मुलाला पाठवायचे.

मग भावाच्या मित्राने सांगितलं की रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, नातेवाईक शेजारी यांच्यासमोर बेइज्जत करायचं नाही. मी मुलाच्या वहीत लिहायला लागले, तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. एकवीस नोंदी झाल्या. तो कागद घेऊन शाखेत गेले, अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का मागून घेतला. शिक्का द्यायला टाळाटाळ करतात, तरी हटायचं नाही. ३० दिवसांत नीट उत्तर आलं नाही म्हणून बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार केली, १४४४८ या नंबरवर फोन केला तर कशी करायची ते सांगतात. रात्रीचे फोन बंद झाले. कर्ज आहेच, ते मी नाकारत नाही, महिना तीन हजार भरते आता दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून. पण दारात येऊन कोणी काही बोलत नाही.

प्रेसवाला_लालबाग

ताई, वहीची गोष्ट फार मोलाची. एक लक्षात ठेवा सगळ्यांनी, पतपेढी रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही, ती सहकार खात्याच्या. तिथे हा लोकपाल चालत नाही, उपनिबंधकांकडे जावं लागतं.

धोबीतलाव_लेक

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे बाबा बेलीफ होते, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारे, जप्ती करणारे कर्मचारी, आता रिटायर आहेत. लहानपणी मला शाळेत बाबा काय करतात विचारलं की मी "कोर्टात आहेत" एवढंच सांगायचे.

बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले आधी एक गोंधळ दूर कर. बँकेच्या वसुली एजन्सीचा माणूस बेलीफ नव्हे. तो काहीही सांगो, जप्ती आणलीय म्हणो, त्याला घरातली वस्तू उचलायचा अधिकार नाही. बेलीफ येतो तो कोर्टाचं वॉरंट घेऊन, त्यावर शिक्का असतो, दाव्याचा नंबर असतो, रक्कम असते. ते वाचायला मागा, नंबर लिहून घ्या, ओळखपत्र बघा, राग येणार नाही. सूर्य मावळल्यावर आणि उजाडायच्या आत राहत्या घरात जप्तीसाठी शिरता येत नाही. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे काही गोष्टींना हात लावता येत नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, बायकोचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं. प्रॉव्हिडंट फंडही नाही.

बाबांनी एकदा दादरला एका शिंप्याकडे केलेली जप्ती सांगितली. कापडाच्या व्यापाऱ्याने कोर्टाकडून पैशांचा हुकूमनामा मिळवला होता आणि त्याचा माणूस बरोबर होता, तो सारखा शिलाई मशीनकडे बोट दाखवत होता, हे घ्या, हे घ्या. बाबांनी घेतलं नाही. ते कारागिराचं हत्यार, त्याच्यावरच तो कमावून पैसे देणार ना. काउंटर, पंखे, कपाट लिहून घेतलं. तो शिंपी मशीनवर दोन्ही हात पसरून उभा होता आणि बाबा त्याला समजावत होते की अहो हात काढा, मी नेत नाहीये ते, पण त्याला ते ऐकूच येत नव्हतं.

बाबांचं अजून एक म्हणणं, लोक घाबरून दार लावून बसतात. त्याने काही थांबत नाही, उलट तारीख वाढते, खर्च वाढतो आणि तो शेवटी ज्याचं कर्ज त्याच्याच नावावर लागतो. कोर्टात जाऊन हप्ते मागितले तर विचार होतो.

कांदिवलीकर७२

थोडक्यात लिहितो, मोबाईलवरून टाईप करतोय. चेकचं प्रकरण हलक्यात घेऊ नका. माझ्या भावाचं हार्डवेअरचं दुकान बंद झालं, सप्लायरला दिलेले तीन चेक परत गेले. नुसतं कर्ज थकलं तर तो दिवाणी मामला, पण चेक बाउन्स कलम १३८, फौजदारी. नोटीस मिळाली की १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, तो गप्प बसला, समन्स आलं तरी गप्प. मग नॉनबेलेबल वॉरंट निघालं आणि सकाळी सहाला पोलीस दारात, आई एकटी होती घरी. वकील लावून त्याच दिवशी कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करून घेतलं. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली, सप्लायरलाही पैसे हवे होते, भाऊ आत जाऊन त्याला काय मिळणार होतं.

मुलुंड_ते_टिटवाळा

आमचं घर गेलं. गेलं म्हणजे आम्ही विकलं, ते कसं ते लिहितो कारण त्यातच आम्ही वाचलो.

अंधेरीला एमआयडीसीत जॉबवर्कचं वर्कशॉप होतं, दोन लेथ, एक मिलिंग. मोठ्या कंपनीचं पेमेंट सात महिने अडकलं आणि आम्ही झोपलो. कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेल्या उचल खात्याला, मुलुंडचा वन बीएचके तारण होता. ९० दिवस व्याज भरलं नाही की खातं एनपीए, म्हणजे थकीत, मग २००२ च्या सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला तारण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस. या नोटिशीला उत्तर देता येतं, आणि बँकेला आपल्या हरकतीला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, हे आम्हाला शेजारच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी सांगितलं. आम्ही उत्तर दिलं. रक्कम कमी झाली नाही पण बोलणं सुरू झालं.

ताब्याची नोटीस मात्र बिल्डिंगच्या गेटवर चिकटवली आणि एका मराठी एका इंग्रजी पेपरात आमच्या नावासकट छापून आली. मी पहाटे चारला उठून गेटवरचा कागद काढायला गेलो होतो. वॉचमन जागा होता. तो म्हणाला साहेब राहू द्या, काढला तर अजून त्रास होईल, आणि त्याने मला स्टुलावर बसवून चहा पाजला थर्मासमधला.

काकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कर्ज पूर्ण भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, त्यानंतर पैसे आणले तरी उशीर. आणि लिलावात भाव पडतो. म्हणून आम्ही स्वतःच गिऱ्हाईक शोधलं, बँकेची लेखी संमती घेतली, गिऱ्हाइकाने पैसे थेट कर्जखात्यात भरले. बँकेचं भागून आम्हाला सहा लाख उरले. लिलावात गेलं असतं तर हे सहा तर नाहीच, वरून देणं राहिलं असतं असं मला वाटतं. नो ड्यूज, म्हणजे काही देणं नाही असा दाखला, हातात घेतल्याशिवाय बँकेतून उठलो नाही.

आता टिटवाळ्याला भाड्याने राहतो. मी एका कारखान्यात सुपरवायझर आहे, ६.१२ ची लोकल पकडतो. मुलुंड आलं की अजून खिडकीकडे बघत नाही.

ऑडिट_वाला

छोटी भर. दुकान बंद केलं म्हणजे जीएसटी आपोआप बंद होत नाही. नंबर रद्द करायचा अर्ज करा आणि तो रद्द झाला की तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर १०, भरा. नाहीतर धंदा नाही आणि लेट फी मात्र चढतेय, अशी माझ्याकडेच चार माणसं आलीत.

कुर्ल्याची_मी

हे लिहू की नको असं आठ दिवस चाललंय. माझ्या मिस्टरांचं दुचाकीचं गॅरेज होतं. बंद झाल्यावर ते रात्री दोनला उठून जिन्यात जाऊन बसायचे. मला वाटायचं गरम होतंय म्हणून. एक दिवस त्यांनी मला एलआयसीची पॉलिसी कुठे ठेवलीय ते समजावून सांगितलं, नॉमिनी कोण, एजंटचा नंबर, सगळं, अगदी शांतपणे. मी ऐकून घेतलं आणि भाजी चिरताना माझ्या एकदम लक्षात आलं. सुरी तिथेच टाकली. सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात आहे का. ते रडले, लग्नाला सतरा वर्षं झाली, पहिल्यांदा.

टेलिमानस म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात. पहिला फोन मीच लावला आणि त्यांच्या कानाला धरला. मग हॉस्पिटलची ओपीडी, गोळ्या. दीरांना सगळं सांगितलं, म्हणजे आकडा सांगितला, तोपर्यंत मलाही खरा आकडा माहीत नव्हता. कर्ज अजून आहे. ते आता दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला जातात आणि रात्री झोपतात. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी विचारायला घाबरू नका, विचारल्याने काही वाईट होत नाही.

प्रेसवाला_लालबाग

वहिनी, बरं केलंत लिहिलंत. तुम्ही विचारलंत म्हणून ते आज आहेत.

नवीन_आहे_इथे

मी गोरेगावला साड्यांचं दुकान चालवत होते, मार्चमध्ये बंद केलं. काल कोर्टाचं पाकीट आलंय, दिंडोशीचं. तुमचं सगळं वाचून आत्ता फोडलं. तारीख पुढच्या मंगळवारची आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि मिस्टर म्हणतात जाऊच नको, गेलं की मान्य केल्यासारखं होतं. काय करू?

प्रेसवाला_लालबाग

ताई, जायचं. गेल्याने काही मान्य होत नाही, न गेल्याने मात्र एकतर्फी होतं, माझं झालं तसं. वकिलाचं म्हणाल तर बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत, १५१०० ला आजच फोन करा आणि उद्या सकाळी कोर्टातच त्यांच्या ऑफिसला जाऊन अर्ज द्या, मंगळवारची वाट बघू नका. तारखेला एकटं जायला भीती वाटत असेल तर मी आणि माझी बायको येतो, साडेदहाला गेटपाशी उभे राहू. येताना सगळे कागद पिशवीत घालून आणा, न फोडलेली पाकिटंसुद्धा.