मदत हवी आहे : ट्रीव्ह्यूमध्ये न उघडलेल्या नोडची निवड कशी सांभाळावी?

नमस्कार. परभणीतील बियाणे-खतांच्या एका घाऊक विक्रेत्यासाठी मी सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये उधारीचा प्रोग्रॅम लिहीत आहे. त्यातील ट्रीव्ह्यूमध्ये (फांद्यांसारख्या उघडणाऱ्या यादीत; तिच्यातील प्रत्येक नोंद म्हणजे नोड) मराठवाड्याचे ८ जिल्हे, त्यांखाली ७६ तालुके, मग गावे आणि शेवटी खातेदार अशी उतरंड आहे.

प्रारंभी सर्व नोड एकदम भरले, तेव्हा भरताना यादी पुन्हापुन्हा रंगवणे थांबवणारे बिगिनअपडेट व एंडअपडेट वापरूनही खिडकी उघडेपर्यंत मुनीमजींचा चहा पिऊन होत असे. म्हणून आता प्रत्येक तालुक्याखाली एकच रिकामा नोड ठेवतो आणि नोड उघडण्याआधी येणाऱ्या बिफोरएक्स्पांड या इव्हेंटमध्ये तो काढून खरी गावे डेटाबेसमधून आणतो. वेग सुधारला, पण चेकबॉक्सची अडचण उभी राहिली. जिंतूर तालुक्यावर खूण केली, तरी न उघडलेली गावे अद्याप ट्रीमध्ये आलेलीच नसल्याने वसुलीच्या यादीतून सुटतात. आणि उघडून दोन गावे वगळली, तर तालुका अंशतः निवडलेला आहे हे दाखवणारी तिसरी अवस्था या कंट्रोलमध्ये मुळातच नाही.

खूण बदलल्यावर येणारा आफ्टरचेक हा इव्हेंट पुन्हापुन्हा उडणे मी ॲक्शनचे मूल्य अननोन आहे का (म्हणजे खूण वापरकर्त्याने नव्हे, तर कोडने बदलली का), हे तपासून थांबवले आहे. मात्र खुणेवर झटपट दोनदा क्लिक केल्यास दिसणारी खूण आणि चेक्ड गुणधर्म यांत तफावत पडते.

निवड नोडमध्ये न ठेवता वेगळ्या डिक्शनरीत (किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांच्या संग्रहात) ठेवावी आणि तिन्ही अवस्थांसाठी स्टेटइमेजलिस्ट, म्हणजे अवस्था दाखवणाऱ्या चित्रांची यादी, वापरावी, असा माझा विचार आहे. असे कोणी केले असल्यास, गावे नंतर भरताना वरच्या नोडची खूण खाली कोणत्या क्षणी उतरवावी, हे कृपया सांगावे.