प्लेअर मध्येच का थांबतो : बॅटरीपलीकडचे कारण

प्लेअर गाण्याच्या मध्येच थांबतो आणि नवी बॅटरी बसवूनही फरक पडत नाही, असे आपण लिहिले आहे. 2006 साली घेतलेल्या, 1.8 इंची हार्ड डिस्क असलेल्या माझ्या प्लेअरनेही मला हाच मनस्ताप दिला होता, म्हणून सांगतो की आपल्या यंत्रातही तशीच डिस्क असल्यास दोष तिच्यात असण्याची शक्यता मोठी आहे.

बॅटरी वाचावी म्हणून असे प्लेअर डिस्क सतत फिरवत नाहीत, तर पुढचे काही संगीत मेमरीत भरून घेऊन डिस्क थांबवतात. 32 मेगाबाइट मेमरीत 128 केबीपीएसचे (म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट माहिती लागणारे) संगीत जवळपास अर्धा तास पुरते, 320 केबीपीएसचे मात्र जेमतेम तेरा मिनिटे. त्यामुळे डिस्क थकली की गाणी काही काळ सुरळीत वाजतात आणि पुढच्या भरणीच्या वेळी यंत्र गोठते. माझ्याकडे पन्नास मिनिटांचे ख्याल होते, आणि विलंबित रंगात आलेले असतानाच ते तुटे, याचे दुःख मला आजही वाटते.

प्रत्येक वेळी एकाच फाइलच्या एकाच जागी अडत असेल, तर आधी ती फाइल पुन्हा भरून पाहा. जागा बदलत असेल, तर सगळे संगीत ताबडतोब संगणकावर उतरवून घ्या. दुरुस्ती केंद्राने मला नवे यंत्र घेण्याचाच सल्ला दिला होता, परंतु अनेक जुन्या प्लेअरमध्ये डिस्कऐवजी अडॅप्टरच्या साहाय्याने मेमरी कार्ड बसवता येते. आपल्या प्लेअरचे मॉडेल कोणते आहे?