येलदरीची वीज: संच कधी चालवावेत?

जिंतूरकर:
येलदरीत वीजनिर्मिती सुरू झाली असं वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. पूर्णा नदीवरचं हे मातीचं धरण, पायथ्याला साडेसात मेगावॅटचे तीन वीजनिर्मिती संच. तिन्ही चोवीस तास चालले तर ५.४ लाख युनिट. परळीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचा २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तेवढी वीज सव्वादोन तासांत देतो. एवढ्यासाठी धरण रिकामं करायचं? माझं मत: पूर सोडताना आणि कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठीची पाण्याची पाळी, असतानाच संच चालवा.

वसमतची हळद:
दादा, संचातून गेलेलं पाणी संपत नाही हो. ते खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि आमचे कालवे तिथूनच निघतात. माझ्या हळदीला मिळणारी पाळी आधी वीज करून येते. परळीचं नाव काढलंत म्हणून सांगते, ते केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाची वीज पाण्याची वाफ करून उडवते, येलदरीची जेवढं घेते तेवढं खाली देते. मराठवाड्याला यातली कोणती परवडते?

जिंतूरकर:
ताई, सिद्धेश्वर केवढं? येलदरीचा जिवंत, म्हणजे वापरता येणारा, साठा सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरचा ८१. ते भरलं की पुढचं सगळं पूर्णेतून गोदावरीत.

पूर्णाकाठ:
गोदावरीत गेलं म्हणजे वाया गेलं का? पुढे विष्णुपुरी धरणात अडतं, नांदेड ते पितं.

जिंतूरकर:
चांगल्या पावसाच्या वर्षी विष्णुपुरीही भरलेलंच असतं. तिथले दरवाजे उघडले की पाणी तेलंगणात.

वसमतची हळद:
भर पावसात मातीच्या धरणात जागा ठेवावीच लागते. भरावावरून पाणी गेलं तर माती वाहून जाते, भिंत टिकत नाही. सोडायचंच आहे तर सांडव्यावरून नुसतं कशाला, संचातून सोडा.

जिंतूरकर:
पावसाळ्याचं मान्य, ते मी आधीच म्हटलंय. माझं भांडण ऑक्टोबरनंतरचं आहे. दोन आवर्तनांच्या मधे संच कशाला? उन्हाळ्यात परभणी, हिंगोलीला प्यायला हेच पाणी लागतं.

वसमतची हळद:
पूर्ण बंद नको. संध्याकाळी मागणी चढते तेव्हा चार तास चालवा. पाण्यावरचा संच काही मिनिटांत सुरू होतो, कोळशाचा होत नाही. एका संध्याकाळचं पाणी सिद्धेश्वर सहज झेलतं.

जिंतूरकर:
झेलतं, पण आधीच भरलेलं नसेल तर. म्हणून संचाचं बटण दाबण्याआधी सिद्धेश्वर किती टक्के आहे ते रोज जाहीर करा. नव्वदच्या वर असेल तर त्या दिवशी संच बंद. एवढं केलं तर माझी हरकत नाही.