गमबूट चालतील, पण घोटा सांभाळा
मधमाश्यांच्या पेट्या हाताळताना पायात काय घालावं, यावर एक सल्ला असतो की माश्या गडद रंगावर चिडतात, म्हणून काळे गमबूट नकोत. रंगाचं खरं आहे, पांढरे मिळाले तर उत्तमच. पण जाड रबरातून नांगी आरपार जात नाही. धोका आहे तो बुटाच्या तोंडाशी. खाली पडलेली माशी वर चढत जाते. पँट बुटात खोचली आणि बूट पोटरीला सैल असला की ती सरळ आत उतरते. म्हणून पँट बुटावरून खाली ओढायची आणि वरून सायकलच्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी घट्ट बसवायची. केसाळ, लोकरी मोजे अजिबात नकोत, त्यात माशीचे पाय अडकतात आणि अडकलेली माशी डंख मारतेच. डंख बसलेल्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो धोक्याचा इशारा असतो, बाकीच्या माश्या नेमक्या तिथेच येतात. लगेच स्मोकरचा, म्हणजे माश्या शांत करायच्या धुराच्या डब्याचा, धूर द्या आणि मोजे धुतल्याशिवाय पुन्हा घालू नका.

निफाड-सिन्नरकडे डोंगळ्याच्या, म्हणजे बियाण्यासाठी फुलवलेल्या, कांद्यात पेट्या ठेवणाऱ्यांनी बुटाचा तळही बघावा. पाणी दिल्यावर काळी माती तळाला थापली जाते आणि भरलेली पेटी उचलताना पाय सटकतो. खोल खाचांचाच तळ घ्या.