व्हर्जिनियात बेदरकार वाहनचालनासाठी अटक आणि त्यानंतर गाडीची झडती

नदीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझा धाकटा भाऊ उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात राहतो. गेल्या आठवड्यात ताशी ६५ मैलांची मर्यादा असलेल्या महामार्गावर तो ९१ मैलांच्या वेगाने जात असल्याचे रडारवर नोंदले गेले आणि बेदरकार वाहनचालनाच्या आरोपाखाली त्याला जागेवरच अटक झाली. हातकड्या घालून त्याला पोलिसांच्या गाडीत बसवल्यानंतर त्याच्या गाडीची झडती घेण्यात आली, डिकीतली एक बंद बॅगही उघडण्यात आली आणि मग गाडी टो करून नेली. ती बॅग त्याच्यासोबत राहणाऱ्या मित्राची होती. तिच्यात भारतातून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी निघाली, पण डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. मित्र त्या वेळी गाडीत नव्हता.

मॅजिस्ट्रेटने भावाला लेखी हमीवर सोडले आहे. गोळ्या तपासणीसाठी पाठवल्या असून त्याबाबत अद्याप आरोप ठेवलेला नाही. वेगाच्या गुन्ह्यासाठी पोलिसांना डिकी उघडण्याचा अधिकार असतो का, आणि या गुन्ह्याची शिक्षा किती, हे कुणी जाणकाराने सांगितल्यास आम्हा सर्वांना फार आधार वाटेल. आई-वडील समजतात की दंड भरला की विषय संपेल.

साक्षीपुरावा यांचा प्रतिसाद

ताई, व्हर्जिनियातील एका फौजदारी वकिलांच्या कार्यालयात मी अनेक वर्षे काम करते, त्यामुळे झडतीविषयी थोडे सविस्तर लिहिते. तुमच्या भावाच्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे की पोलिसांनी झडती नेमक्या कोणत्या आधारावर घेतली. अटक झाली म्हणून गाडी आपोआप उघडता येते असा समज पूर्वी पोलिसांमध्येही होता, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ‘ॲरिझोना विरुद्ध गँट’ या निकालात त्याला स्पष्ट मर्यादा घातली. त्या प्रकरणातील आरोपीही हातकड्या घालून पोलिसांच्या गाडीत बसलेला होता. अटकेला जोडून गाडीची झडती घ्यायची असेल तर आरोपी मोकळा असून त्याचा हात गाडीच्या आतल्या भागापर्यंत पोहोचण्याजोगा असला पाहिजे, किंवा ज्या गुन्ह्यासाठी अटक झाली त्याचाच पुरावा गाडीत असल्याचे मानण्यास वाजवी कारण असले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. वेगमर्यादा ओलांडल्याचा पुरावा रडारच्या नोंदीत असतो, बॅगेत नव्हे. शिवाय या प्रकारची झडती प्रवासी बसतात त्या भागापुरतीच असते, तिच्या आधारे डिकी उघडता येत नाही.

मात्र सरकारी पक्ष एवढ्यावर थांबणार नाही. तो बहुधा गाडी ताब्यात घेताना केलेल्या सामानाच्या मोजदादीचा आधार घेईल. टो केलेल्या गाडीतील वस्तूंची यादी करणे हे वस्तू सुरक्षित राहाव्यात आणि पुढे पोलिसांवर चोरीचा आळ येऊ नये यासाठी असते, आणि १९७६ च्या ‘साउथ डकोटा विरुद्ध ऑपरमन’ निकालापासून त्यासाठी वॉरंट लागत नाही. तुमच्या भावाच्या दृष्टीने खरा उपयोगाचा निकाल १९९० चा ‘फ्लोरिडा विरुद्ध वेल्स’ हा आहे. मोजदाद करताना बंद बॅगा किंवा पेट्या उघडायच्या की नाहीत याविषयी पोलीस विभागाचे ठरलेले धोरण असावे लागते; ते नसताना अधिकाऱ्याने स्वतःच्या मनाने बॅग उघडली, तर तिच्यातील वस्तू पुरावा म्हणून वगळण्याची मागणी करता येते. म्हणून त्या विभागाचे टोइंग आणि मोजदादीचे धोरण, भरलेली यादी आणि अधिकाऱ्याच्या अंगावरील कॅमेऱ्याचे चित्रण वकिलांनी लवकर मागवले पाहिजे. यादीच तयार झालेली नसेल, किंवा तिच्यात गोळ्या सोडून दुसरे काही लिहिलेलेच नसेल, तर ती मोजदाद होती की पुराव्याचा शोध होता, हे न्यायाधीशांपुढे ठामपणे विचारता येते.

आणखी दोन शक्यता आहेत. गाडीत गुन्ह्याचा पुरावा असल्याचे सबळ कारण पोलिसांपाशी असेल, तर १९२५ च्या ‘कॅरोल’ निकालापासून वॉरंटशिवाय गाडी तपासता येते आणि त्यात डिकी व बॅगाही येतात. अशा वेळी पूर्वी गांजाच्या वासाचे कारण वारंवार पुढे केले जात असे, पण २०२१ पासून व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार केवळ त्या वासावरून झडती घेता येत नाही. दुसरी शक्यता संमतीची. “डिकी पाहिली तर चालेल ना?” या प्रश्नाला भावाने होकार दिला होता का, हे त्याला शांतपणे आठवायला सांगा, कारण होकार दिलेला असेल तर वर लिहिलेल्या बहुतेक हरकती दुबळ्या पडतात. आपली मुले अधिकाऱ्याचा मान राखायचा म्हणून होकार देतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. “माझी झडतीला संमती नाही” असे नम्रपणे सांगणे हा अपमान नाही आणि गुन्हाही नाही. मात्र अधिकाऱ्याने तरीही झडती सुरू केली तर त्याला अडवू नये, हरकतीचे काम न्यायालयात करावे.

दूरची वाट यांचा प्रतिसाद

शिक्षेविषयी मी लिहितो. आई-वडिलांना कृपया समजावून सांगा की हे चलान नाही. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल अधिक, किंवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ मैलांहून अधिक वेग, एवढ्यानेच बेदरकार वाहनचालन सिद्ध होऊ शकते. भावाचा वेग दोन्ही अटींत बसतो. हा पहिल्या वर्गाचा किरकोळ फौजदारी गुन्हा आहे. ‘किरकोळ’ हे केवळ वर्गीकरण झाले, प्रत्यक्षात कमाल शिक्षा १२ महिने तुरुंगवास आणि २,५०० डॉलर दंड अशी आहे. न्यायालय वाहन चालवण्याचा परवाना ६ महिन्यांपर्यंत निलंबित करू शकते, वाहन विभागाकडे ६ दोषगुण लागतात आणि तेथील नोंद ११ वर्षे राहते. विम्याचा हप्ता वाढण्याची शक्यता वेगळीच. फौजदारी नोंद मात्र ११ वर्षांनी आपोआप पुसली जात नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते.

पहिल्याच वेळी, अपघात झालेला नसताना, अनेक प्रकरणांत आरोप ‘अयोग्य वाहनचालन’ या सौम्य प्रकारावर आणण्याचा प्रयत्न होतो. तो फौजदारी गुन्हा ठरत नाही आणि त्याचा दंड ५०० डॉलरपेक्षा अधिक नसतो. सुनावणीपूर्वी सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग पूर्ण करणे आणि गाडीचा वेगदर्शक काटा तपासून त्याचे प्रमाणपत्र घेणे, या दोन गोष्टी वकील बहुधा सुचवतील. काटा कमी वेग दाखवत होता असे निघाले तर ते न्यायालयापुढे मांडता येते. निकाल विरुद्ध गेल्यास १० दिवसांच्या आत सर्किट कोर्टात अपील करता येते आणि तेथे खटला पूर्णपणे नव्याने चालतो. सुनावणीला गैरहजर राहणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

नदीकाठ

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिलेत, फार आभारी आहे. भाऊ म्हणतो की त्याची संमती कुणी विचारलीच नव्हती. त्याचा मित्र स्वतः पोलिसांकडे जाऊन गोळ्या आपल्या असल्याचे सांगायला तयार आहे. त्याने जावे का?

साक्षीपुरावा

वकिलांशी बोलल्याशिवाय जाऊ नये, आणि मित्राने स्वतःसाठी वेगळा वकील पाहावा, कारण चिठ्ठी नसेल तर ते सांगणे म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेली कबुली ठरू शकते. त्या गोळ्या भारतातील डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तर मूळ चिठ्ठी आणि औषधाचे बिल घरच्यांकडून तातडीने मागवून ठेवावे. भावानेही या विषयावर मित्राशी फोनवर संदेशांची देवाणघेवाण करू नये. फोन तपासायला पोलिसांना सहसा वॉरंट लागते, तरी ते मिळाल्यावर लिहिलेला प्रत्येक शब्द वाचला जातो.

विद्यार्थी व्हिसाचा विचार आतापासूनच करा. व्हिसाच्या अर्जात दोषसिद्धीबरोबरच अटकेविषयीही प्रश्न असतो, त्यामुळे आरोप मागे घेतला गेला तरी न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी लागेल. गुन्हा कबूल केल्यास देशातून काढले जाण्याची जोखीम कितपत आहे हे आरोपीला सांगणे फौजदारी वकिलांवर २०१० च्या ‘पडिला विरुद्ध केंटकी’ निकालाने बंधनकारक केलेले आहे. ते स्वतःहून बोलले नाहीत तर भावाने विचारावे, आणि गोळ्यांबाबत आरोप आलाच तर कोणत्याही तडजोडीवर सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलांचे मत घ्यावे. वेगाच्या आरोपापेक्षा अमली पदार्थांशी संबंधित दोषसिद्धी व्हिसाच्या दृष्टीने कितीतरी जड जाते. झडतीवरची हरकत मी इतकी लावून धरते आहे ती याचसाठी.